चौदा नंबरची बाई

मला हेवा वाटला. आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की म्हातारी लिहिते गोड आणि पोटात भलतंच. मागच्या पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत माझ्या जेवणाच्या टेबलाभोवती चार पोरं बसत होती. त्या चार महिन्यांत मला जेवढा हेवा वाटला, तेवढा सासूच्या हाताखाली असताना जावेचासुद्धा वाटला नव्हता. आणि जावेचा काही कमी वाटत नव्हता, बरं का.

चौघांतली एक आमची. माझ्या धाकट्या भावाची नात. आमचं गाव येवल्याजवळ. पोरगी नाशिकला कॉलेजात आली तेव्हा भावाचा फोन आला, ''आक्का, हॉस्टेलबिस्टेल नको. तुझ्याकडंच राहू दे पोरीला. तुलाबी सोबत हुईल.'' आमचे हे जाऊन सहा वर्षं झाली, मुलगा पुण्याला. घर रिकामंच होतं. पोरगी आली, तिची पुस्तकं आली, चार्जर आले, आणि तिसऱ्या वर्षाला तिच्या मागोमाग तिचा गट आला.

गट म्हणजे काय, तर कॉलेजात एक विषय होता. ज्यावर लोक भांडतात असा समाजातला प्रश्न घ्यायचा, चौघांनी मिळून सहामाहीभर शोधायचा, माणसांना जाऊन विचारायचं, आणि शेवटी अहवाल लिहायचा. कुणी जातीबाहेरची लग्नं घेतली होती, कुणी दारूबंदी. आमच्या चौघांनी घेतलं हक्कसोड.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. बाप गेला की जमिनीला वारस लागतात, भावांबरोबर बहिणींचीही नावं सातबाऱ्यावर येतात. मग एक दिवस भाऊ बहिणींना तालुक्याच्या कचेरीत नेतो आणि बहिणी लिहून देतात की आमचा हक्क आम्ही सोडला, आम्हाला काही नको. त्या दिवशी बहिणीला नवी साडी, घरात पुरणावरणाचं जेवण. दिवाळीला भाऊ येतो, माहेरचं दार उघडं राहतं. आमच्याकडे हे इतकं चालतं की त्याला कुणी प्रश्न म्हणत असेल हेच मला त्या टेबलावर कळलं.

पोरं भांडायची मात्र झकास. एक उंच पोरगी होती, नाशिकचीच, गंगापूर रोडला मोठा फ्लॅट. ती टेबलावर हात आपटून म्हणायची, ''सरळ अन्याय आहे हा. यात चर्चा कसली?''

कळवणची एक होती, बारीक, वेणी घट्ट. ती म्हणायची, ''तुला काय जातंय म्हणायला? तुझ्या पप्पांकडे फ्लॅट हे. बांधावर उभी राहून भावाला सांग ना, वाटा दे म्हणून.''

''भाऊच नाहीये मला.''

''मग तू बोलूच नको.''

चौथा मालेगावचा मुलगा. शांतपणे पोहे खाता खाता तो बोलायचा, ''आमच्यात तर बहिणीचा हिस्सा मजहबनेच ठरवून दिलेला आहे. तरी माझ्या फुफीने, म्हणजे आत्याने, सोडलाच ना? कायद्याने काय होतं, यार. ईदला भाऊ येणार की नाही, सवाल तो आहे.''

आणि आमची पोरगी काही बोलायची नाही. वहीत लिहायची.

मी स्वयंपाकघरात. ओटा आणि टेबल यांच्यामध्ये नुसती एक कमान आहे, त्यामुळे सगळं ऐकू येतं. मी दुसरीतून शाळा सोडलेली बाई. धाकट्या भावाला सांभाळायला घरात कुणी हवं होतं म्हणून माझी शाळा सुटली. पुढे मुलगा शाळेत जायला लागला तेव्हा त्याच्या पाटीवर त्याच्याबरोबर मी गिरवलं, तो खेळायला पळाला की त्याचा धडा मी वाचून काढायचे. मग वाचनालयाची वर्गणी भरली आणि सुटलेच. पण असं चौघांनी बसून एका गोष्टीवर भांडायचं, एकानं म्हणायचं ''पुरावा काय?'' आणि दुसऱ्यानं वही उलटायची, हे सुख मला कुठलं? वयाच्या विसाव्या वर्षी मी पाटावर बसून सासऱ्यांचं ताट वाढत होते. भाकरी थापता थापता मला त्या पोरींच्या हातांचा हेवा वाटायचा. हात हवेत फिरवत बोलतात हो त्या. आम्ही कधी हात हवेत फिरवले नाहीत.

एवढंच असतं तर गिळलं असतं. पण झालं काय, त्यांना बायकांच्या मुलाखती घ्यायच्या होत्या. ज्यांनी सही केली त्या बायका. नाव कुणाचं लिहायचं नाही, प्रत्येकीला एक नंबर. एक नंबरची बाई, दोन नंबरची बाई. आधी बाईला कागद वाचून दाखवायचा की तुमचं बोलणं आम्ही कशासाठी घेतोय, तिची सही घ्यायची आणि मग फोनवर रेकॉर्डिंग. नंतर ते सगळं ऐकून जसंच्या तसं टाइप करायचं. त्याला ते उतरवणं म्हणत.

एक नंबर आमच्याकडे दूध घालणारी झाली. दोन नंबर तिची नणंद. तीन नंबर कोपऱ्यावरची पापडवाली. चार-पाच-सहासाठी विंचूरला जाऊन आले, मार्केटबाहेर बायका कांदा निवडायला बसतात तिथे. संध्याकाळी येऊन माझ्याच हातचं पिठलं खाऊन सांगायचे, ''आज काय भारी बाई भेटली आजी, तुम्ही ऐकायला हवं होतं.''

आणि मी? मी सही केलेली बाई नव्हते का? तीस वर्षांपूर्वी, येवल्याच्या कचेरीत. ज्या भावाला केली त्याची नात त्यांच्यातच बसली होती. पण मला कुणी विचारलं नाही. मला वाटलं, आपण अर्धवट शिकलेल्या, पोहे करणाऱ्या. पोहे करणाऱ्याला कोण विचारतं?

मी काय केलं ते सांगते, हसू नका. कपाटातून माझी पैठणी काढली. पोपटी, जांभळे काठ, पदरावर दोन मोर. भावानं त्या दिवशी घेतलेली, मागावरून उतरली तशी. ती मी भर श्रावणात ऊन द्यायला म्हणून गॅलरीत पसरली, नेमकी ती चौघं यायच्या वेळी. उंच पोरगी म्हणाली, ''वॉव आजी, काय सुंदर आहे!'' मी म्हटलं, ''हो, हिची एक मोठी गोष्ट आहे.'' ती म्हणाली, ''पाऊस येतोय, काढून घ्या.'' आमची पोरगी साडीकडे बघून आत निघून गेली. झालं.

आमच्या समोरच्या दारात एक बाई राहतात. प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या, आता निवृत्त. सगळे त्यांना बाईच म्हणतात, मीही, आणि त्या मला वहिनी म्हणतात. पंचवीस वर्षांचा शेजार. कुरडया, पापड, सांडगे, सगळं गच्चीवर दोघींनी मिळून घातलेलं. शहाण्या बाई. व्याकरणाच्या चुका काढतात. माझ्याकडे यायची कुठलीही गोष्ट आधी त्यांच्या दारात थांबते असं मला नेहमी वाटायचं, पोस्टमनपासून नातवंडांपर्यंत.

एका रविवारी चौघं जिना चढून आली आणि माझ्या दारात चपला काढून समोरच्या दारात गेली. सात नंबर.

बाईंनी इस्त्रीची साडी नेसली होती. मी दार थोडं उघडं ठेवून केर काढत होते, म्हणजे तेवढाच भाग पुन्हा पुन्हा काढत होते. तास झाला, सव्वा तास झाला. आतून बाईंचं हसणं ऐकू आलं. मग पोरं बाहेर आली ती डोळे मोठे करून. कळवणची म्हणाली, ''आजी, काय बोलतात काकू! एकदम डोळ्यांपुढे उभं राहतं.'' त्या दिवशी माझ्या पोह्यांत मीठ दोनदा पडलं. मुद्दाम नाही. पण चाखून पाहिले नाहीत, हेही खरं.

दोन दिवसांनी ते रेकॉर्डिंग उतरवायला बसले. एरवी कानात बोंडं घालून ऐकायचे, कारण दुसऱ्या कुणी ऐकायचं नाही असा नियम. त्या दिवशी उंच पोरीच्या बोंडांची वायर तुटली होती. तिनं आवाज बारीक करून फोन टेबलावर ठेवला. बारीक म्हणजे तिच्या मते बारीक. मी मेथी निवडत होते.

बाईंचा आवाज. ''माझ्या भावानं येवल्याहून पैठणी आणली. पोपटी. मागावरून उतरली तशी. पदरावर दोन मोर. मला जीपमध्ये पुढच्या सीटवर बसवलं. त्याआधी कधी मी पुढे बसले नव्हते. वहिनीनं पुरण घातलं होतं. भाऊ म्हणाला, आक्का, जमीन गेली तरी माहेर जाणार नाही. आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं...''

माझ्या हातातली जुडी हातातच राहिली.

ती जीप माझी. ते पुरण माझं. ती आक्कासुद्धा मी! बाईंचे भाऊ त्यांना ताई म्हणत असतील नाहीतर काय म्हणत असतील देव जाणे, मी त्यांच्या भावांना कधी बघितलंच नव्हतं. ही गोष्ट मीच त्यांना सांगितली होती, गच्चीवर, कुरडयांचा चीक ढवळताना, एकदा नाही तर चार-पाच वेळा. त्या प्रत्येक वेळी ''मग?'' म्हणायच्या. मला वाटायचं आवडीनं ऐकतात.

''खूप टची आहे,'' उंच पोरगी म्हणाली. आमच्या पोरीचं डोकं वहीत खाली होतं.

मी मेथी तशीच टाकली, पदराला हात पुसले आणि समोरच्या दाराची बेल वाजवली.

बाई शब्दकोडं सोडवत होत्या. मी दारातूनच म्हटलं, ''बाई, पैठणी दाखवा.''

''कोणती?''

''पोपटी. दोन मोरांची. तुमच्या भावानं घेतलेली.''

बाईंनी पेनाचं टोपण लावलं. बराच वेळ लावलं. मग म्हणाल्या, ''आत या वहिनी. दार लावून घ्या.''

''मला बसायचं नाहीये. साडी बघायचीय.''

''बसा हो! ओरडायचं असेल तर बसून ओरडा, गुडघा दुखतो तुमचा.''

बसले. गुडघा खरंच दुखत होता.

''मी सहीच केली नाही,'' बाई म्हणाल्या. ''मला कचेरीत नेलं. मी वाचलं सगळं, पहिल्या ओळीपासून. आणि म्हटलं, मला माझा वाटा हवा. मिस्टरांचं तेव्हा दुखणं होतं. वाटा दिला त्यांनी, कायद्यानं द्यावाच लागला. त्यानंतर दोघा भावांनी मला बोलावलं नाही. आई गेली तेव्हा मला तिसऱ्या दिवशी कळलं, तेही गावातल्या दुसऱ्याच माणसाकडून.''

पंचवीस वर्षांत दर दिवाळीला मी विचारायचे, बाई, माहेरी नाही का जायचं, आणि त्या म्हणायच्या, लांब आहे हो.

''मग हे सांगायचं होतं पोरांना,'' मी म्हटलं. ''माझं कशाला सांगितलंत?''

''ती पोरं दारात आली, म्हणाली, काकू, तुमच्या माहेरचं सांगा. इतकी गोड पोरं. मी म्हणणार होते की माहेर नाही. तोंडातून तुमची जीप निघाली.'' मग म्हणाल्या, ''भाऊबीजेला तुमच्या दारात तुमचा भाऊ चपला काढतो ना, त्या मी दर वर्षी आयहोलमधून बघते. आता तुम्हीच बघा काय ते.''

हे लिहू का, असं मी त्यांना मागच्या आठवड्यात विचारलं. म्हणाल्या, ''लिहा. नाव तेवढं नको. आणि मी रडले असं लिहू नका.'' रडल्या नव्हत्याच. रडले मी, घरी येऊन, आणि तेही निम्मं रागानं.

आता यातली खरी मजा ऐका. पुढच्या आठवड्यात पोरं तोंड पाडून आली. त्यांचे सर म्हणाले होते, सही केलेल्या बायका भरपूर झाल्या, पण नाही म्हणालेली एक तरी बाई शोधा. नाहीतर अहवालाला एकच बाजू. पोरांनी येवलं पालथं घातलं, कळवणला फोन लावले. मिळेना.

''असेल तरी सांगणार नाही कुणी,'' मालेगावचा म्हणाला.

आणि ती बाई बारा पावलांवर शब्दकोडं सोडवत बसलेली. एक शब्द बोलले असते तर पोरांचं काम झालं असतं. मी बोलले नाही. तुम्ही म्हणाल, शेजारणीची अब्रू राखली. तेही होतं, खोटं कशाला बोलू. पण मुख्य कारण निराळं. मी सांगितलं असतं तर पोरं पुन्हा समोरच्याच दारात धावली असती. सर स्वतः आले असते. माझी गोष्ट सांगूनही त्याच मोठ्या, आणि स्वतःची सांगूनही त्याच मोठ्या. मी आपली पोहे करायला. नाही म्हणजे नाही.

गुरुवारी मात्र माझा बांध फुटला. आमची पोरगी लायब्ररीत गेली होती. कळवणची एकटीच टेबलाशी बसून काहीतरी जुळवत होती. मी तिच्यापुढे चहा आपटला.

''मला का नाही विचारलं गं तुम्ही? मी बाई नाही? मला काय हातानं लिहिता येत नाही म्हणून?''

ती दचकली. ''आजी, असं कसं? नियम हे सरांचा. ज्याचं घर, त्यानं ते घर विचारायचं नाही. तुम्ही हिच्या आत्याआजी ना.''

''मग तू विचार. तुझी कुठे मी कोण आहे?''

तिनं बशीत चहा ओतला, फुंकर मारली. ''विचारणार होते. पहिल्याच दिवशी. हिनंच नको म्हटलं.''

''कुणी?''

''हिनं. म्हणे आत्याआजी काही बोलली आबांबद्दल, तर मी ते ऐकून घरी कशी जाऊ? रडली बी थोडी.''

आबा म्हणजे माझा भाऊच. मी खाली बसले. पोरगी साडीकडे बघून आत का गेली, वहीत डोकं का घालून बसायची, ते सगळं एकदम समजलं. आणि मी इतके दिवस तिच्यावरच जळत होते.

तरी हौस गेली नाही हो. तेही खरंच सांगते. मी म्हटलं, ''तिला मी बघते. तू लाव ते रेकॉर्डिंग. नंबर कितवा येईल?''

''चौदा.''

''चालेल.''

आम्ही गच्चीवर गेलो, म्हणजे समोरच्या दाराला ऐकू जायला नको. तिनं कागद वाचून दाखवला. सही नंतर करा म्हणाली, टाइप झालं की वाचूनच करा. बोलायला तोंड उघडलं आणि माझ्या ध्यानात आलं, मला बोलायला काही उरलंच नाहीये. पैठणी सात नंबरमध्ये गेली. जीपची पुढची सीट गेली, पुरण गेलं, भावाच्या डोळ्यांतलं पाणी गेलं. मी पुन्हा तेच सांगितलं तर बाई उघड्या पडतील, नाहीतर ही पोरं मलाच म्हणतील की समोरच्या काकूंचं ऐकून सांगते. इतकी वर्षं मी सांगत आले ती गोष्ट मला वापरता येईना.

मग जे कधी कुणाला सांगितलं नव्हतं तेच फक्त हाताशी राहिलं.

मी म्हटलं, ''भाऊ म्हणाला होता, वारसाचं काम आहे, अंगठा लागेल. माहेरी कुणाला ठाऊक नव्हतं की मी लिहायला शिकले. कचेरीत साहेबानं शाईचा डबा पुढे सरकवला. मी म्हटलं, मी सही करते. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. भाऊ म्हणाला, आक्का, तुला येती? पोरी, माझी सही तेव्हा फार सुंदर होती. पूर्ण नाव, खाली रेघ. घरी पाटीवर किती वेळा गिरवलेली. पाच-सहा पानं होती, प्रत्येक पानावर केली. सावकाश, सगळ्यांना दिसेल अशी.''

''आणि कागदात काय होतं, आजी?''

''ठाऊक नाही.''

''वाचता येत होतं ना पण?''

''तिथे बसलेल्या निम्म्या लोकांपेक्षा चांगलं. पण वाचलं नाही. वाचत बसले असते तर लोकांचं लक्ष दुसरीकडे गेलं असतं. मला सही करताना बघायला हवं होतं सगळ्यांनी.''

फोनवरचा लाल ठिपका लुकलुकत होता.

''आणि सही झाल्यावर साहेब म्हणाला, अंगठाही लागतो. सही असली तरी लागतो, नियमच आहे. मग माझा अंगठा धरून टेकवला. परत येताना गाडीत पुढे कचेरीतला माणूस बसला, त्याला वाटेत सोडायचं होतं. मी मागे. भाऊ म्हणाला, चला, मोकळं झालं. तेव्हा मला कळलं काय मोकळं झालं ते. मी मागे बसले होते आणि मांडीवर...''

थांबले. मांडीवर पैठणीचं पुडकं होतं.

''मांडीवर काय?''

''काही नाही. हात. अंगठ्याला शाई होती.''

उतरवायचं काम खरं म्हणजे उंच पोरीकडे जायचं होतं. आमच्या पोरीनं ते स्वतःकडे घेतलं. ''मीच उतरवते,'' म्हणाली, आणि संध्याकाळी माझ्या समोर टेबलाशी बसली, कानात बोंडं घालून. मी बाजरीच्या भाकरी थापत होते. भाकरी तव्यावर आणि माझे डोळे तिच्या तोंडावर. मध्ये एकदा तिनं थांबवून तोच भाग पुन्हा ऐकला. मग पुन्हा. मग एक बोंड काढलं.

''आत्याआजी, मांडीवर म्हणालीस आणि थांबलीस. काय होतं मांडीवर?''

मी भाकरी उलटली.

''पोपटी?'' तिनं विचारलं.

मी पुढच्या भाकरीचा गोळा हातात घेतला. तिनं बंद दाराकडे बघितलं, दारापलीकडच्या दुसऱ्या दाराकडेच म्हणा ना, आणि पुन्हा माझ्याकडे. हुशार आहे पोरगी, आमच्याच घरातली आहे. काही न विचारता तिनं तिथे तीन टिंबं टाइप केली.

''आबांना राग आला असता का गं, तू वाचायला लागली असतीस तर?''

''नसता आला. त्याला वाचता येत होतं, मला येत नाही असं त्याला वाटत होतं. एवढंच.''

''आणि वाचलं असतं तर केली असतीस सही?''

''केली असती बहुतेक. भाऊ आहे माझा. मांडीवर वाढवलाय मी त्याला.'' मग मला जे वाटलं ते म्हटलं. ''पण वाचून केली असती.''

तिनं नाक ओढलं, टाइप करत राहिली. संपल्यावर छापून आणलेली तीन पानं दुसऱ्या दिवशी माझ्यापुढे ठेवली, वर तो संमतीचा कागद. पेन ठेवलं. ''वाच,'' म्हणाली. ''सगळं. मी कुठे जात नाही.''

चष्मा लावला आणि बसले. पहिल्या ओळीपासून. मध्ये फोन वाजला, तिच्या आबांचाच होता, रोज संध्याकाळी येतो. तिनं उचलला आणि म्हणाली, ''आबा, आत्याआजी वाचतेय. नंतर करते तुम्हाला.'' पलीकडून भाऊ काहीतरी म्हणाला असावा, कारण ती म्हणाली, ''हो, येतं तिला. चांगलं येतं.''

संमतीच्या कागदावर एका रकान्यात लिहिलं होतं, शिक्षण: दुसरी. मी पेनानं त्यापुढे लिहिलं, 'पण वाचते.' मग सही केली. हात थोडा कापतो आता, रेघ तिरपी गेली. अंगठा कुणी मागितला नाही.

अहवाल दिवाळीच्या आधी बांधून आला. नाही म्हणालेली बाई त्यांना मिळाली नाहीच, तसं त्यांनी शेवटी लिहिलंय. बाईंनी ते पान वाचलं आणि मला विचारलं, ''सांगू का पोरांना आता?'' मी म्हटलं, ''तुमचं तुम्ही बघा.'' अजून बघताहेत.

भाऊबीजेला भाऊ आला. त्याच्या नातीनं अहवाल त्याच्या हातात दिला नाही, लपवलाही नाही. टीव्हीच्या शेजारी ठेवला. त्यानं उचलला, चाळला आणि म्हणाला, ''किती बायकांना विचारलं गं तुम्ही?'' ती म्हणाली, ''चौदा.'' तो म्हणाला, ''आक्काला नाही विचारलं?'' ती माझ्याकडे बघायला लागली. मी ओवाळायचं ताट घेऊन आले होते. म्हटलं, ''आधी पाटावर बस. मग वाच, चष्मा लावून.''

त्याला ओवाळलं आणि समोरचं दार वाजवलं. बाईंना म्हटलं, ''आयहोलमधून काय बघताय, या इकडे. जेवायला आहे.'' आल्या. भावाच्या शेजारचं ताट त्यांना वाढलं, आणि वाढताना मला थोडं खुपलंच, कारण भाऊ त्यांच्याशी लगेच ताई ताई करून बोलायला लागला.

रात्रीची भांडी झाल्यावर अहवाल मीही पुन्हा उघडला. सात नंबरच्या ओळी मोजल्या, मग चौदाच्या. त्यांच्या माझ्यापेक्षा चार जास्त आहेत. त्यातल्या पैठणीच्या सहा.